रीफ टँकच्या टी५ ट्यूबा कधी बदलायच्या? पेटतायत तोवर चालवायच्या का?

निळाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. या विषयावर आधीही बोलणं झालं असेल, पण शोधल्यावर जे हाती लागलं त्यात प्रत्येकाचं वेगळंच. म्हणून नवा धागा काढतेय, चालवून घ्या.

टँक चार फुटी, खाऱ्या पाण्याचा, आत कोरल (प्रवाळ). वर सहा टी५ (बारीक फ्लोरोसंट) ट्यूबांचा सेट, प्रत्येकी ५४ वॉट. चार निळ्या, दोन पांढऱ्या. रोज दहा तास चालू. ट्यूबांना वर्ष उलटून गेलंय. एकही लुकलुकत नाही, एकही विझलेली नाही. दोघींची टोकं मात्र काळी पडायला लागलीत.

तक्रार अशी की सगळ्यात वर ठेवलेली फांद्यांची कोरल अ‍ॅक्रोपोरा हळूहळू तपकिरी होत चालली आहे. फांद्यांची पांढुरकी टोकं, म्हणजे वाढीची खूण, जवळजवळ दिसेनाशी झाली. माँटिपोरा या दुसऱ्या कोरलची कडही थांबल्यासारखी. नायट्रेट, फॉस्फेट पूर्वी होते तिथेच आहेत. आणि एक विचित्र गोष्ट: डोस तोच असताना अल्कलिनिटी (कोरल सांगाड्यासाठी वापरतात ते पाण्यातले कार्बोनेट, ते भरून काढायलाच हा डोस) वर सरकायला लागली, म्हणून मला डोसिंग कमी करावं लागलं.

खोक्यावर लिहिलंय २०,००० तास. दिवसाला दहा तास म्हणजे वर्षाचे ३,६५०. या हिशेबानं ट्यूब पाच वर्षं चालायला हवी. आणि जिथे वाचावं तिथे ‘नऊ ते बारा महिन्यांत बदला’. यातलं खरं काय? दुसरं, बदलायच्याच तर सहाच्या सहा एकदम की एकेक? पार मीटर (कोरलला उपयोगी उजेड मोजणारा) माझ्याकडे नाही.

खारट

पेटतेय ना? मग चालू द्या. नऊ महिन्यांचा आकडा कोणाच्या फायद्याचा आहे हे कळायला ज्योतिषी नको.

रेवा_रीफ

+१ निळाई. मलाही हेच विचारायचं होतं. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

प्रवाळकाका

निळाई, तुझं अर्धं उत्तर तू स्वतःच लिहिलंयस, अल्कलिनिटीच्या वाक्यात. तिकडे येतोच.

आधी त्या २०,००० तासांचं. कंपनी ट्यूबांचा एक गट ठरावीक चालू-बंद चक्रावर पेटवत ठेवते, आणि त्यातल्या निम्म्या बंद पडेपर्यंत जेवढे तास जातात तो आकडा खोक्यावर छापते. ट्यूब किती काळ पेटेल एवढंच तो सांगतो. त्या काळात तिच्यातून कोणता उजेड किती येईल याच्याशी त्याचा संबंध नाही.

ट्यूबच्या आत पाऱ्याची वाफ असते. वीज त्यातून गेली की मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण निघतात. काचेच्या आतल्या बाजूला फॉस्फरचा पांढरा लेप असतो, तो हे किरण शोषून दिसणारा उजेड देतो. आता म्हातारपण येतं ते दोन ठिकाणी, आणि ती दोन्ही आपापल्या गतीनं येतात. एक म्हणजे टोकांच्या तारेवरचा बेरियम वगैरेंच्या ऑक्साइडचा थर. तो प्रत्येक वेळी पेटताना थोडा थोडा उडतो आणि शेजारच्या काचेवर बसतो. तुझी काळी टोकं ती हीच. हा थर संपला की ट्यूब पेटतच नाही. खोक्यावरचा आकडा याचा आहे.

दुसरं म्हणजे फॉस्फर. तो अतिनील मारा, उष्णता आणि पारा यांनी खराब होत जातो, आणि सगळे फॉस्फर सारखे टिकत नाहीत. घरातल्या पांढऱ्या ट्यूबचे लाल-हिरवे फॉस्फर दणकट असतात. निळा उजेड देणारा नेहमीचा फॉस्फर त्यामानानं नाजूक. आणि आपल्या रीफच्या ट्यूबा कशावर चालतात? निळ्यावर. म्हणून घरची ट्यूब वर्षानुवर्षं ठीक वाटते आणि तीच जाडी, तेच वॉट असलेली निळी ट्यूब वर्षभरात मंदावते. त्यात पाऱ्याच्या स्वतःच्या काही रेषा, ४३६ ची निळी, ५४६ ची हिरवी, ५७८ च्या आसपासची पिवळी, फॉस्फर गेला तरी येतच राहतात. म्हणजे उजेड कमी होतो तसा त्याचा रंगही पिवळ्या-हिरव्याकडे सरकतो.

हे डोळ्यांना का कळत नाही? माणसाचा डोळा सगळ्यात तिखट ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, हिरव्यात. निळ्यात तो मुळातच कच्चा. शिवाय रोज थोडा थोडा कमी होणारा उजेड तो सवयीनं सावरून घेतो. कोरलच्या आत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांची, म्हणजे झूझँथेलींची, भूक मात्र ४३० ते ४८० च्या पट्ट्यात जास्त. डोळा जिथे आंधळा, नेमका तिथे उपास पडतो.

आता अल्कलिनिटी. कोरलचा सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि उजेडात तो जास्त वेगानं बांधला जातो. डोस तोच असून पाण्यात अल्कलिनिटी साचायला लागली, तर घेणारा कमी घेतोय. तपकिरी होणंही त्याच गोष्टीचं दुसरं टोक: उजेड कमी पडला की झूझँथेली आपलं हरितद्रव्य वाढवतात, कधी त्यांची संख्याही वाढते, आणि कोरलच्या स्वतःच्या रंगावर तपकिरी पडदा येतो. याला दुसरी कारणंही असू शकतात, पण नायट्रेट-फॉस्फेट जागचे हलले नसतील तर मी वर बघेन, ट्यूबांकडे.

खारट

काका, सगळं मान्य. पण ‘वर बघेन’ आणि ‘सहा नव्या ट्यूबा आणेन’ यात अंतर आहे. मोजल्याशिवाय काही बदलू नये असं माझं मत.

प्रवाळकाका

मोजायला मी कुठे नाही म्हटलं?

मिठागर

मोजायच्याही आधी पुसा!

ट्यूबांखालचं अ‍ॅक्रिलिक झाकण काढून उजेडासमोर धरून बघा, निळाई. पंपाचे शिंतोडे आणि बाष्पीभवनानं बसलेल्या मिठाचा थर असतो त्यावर. तसाच रिफ्लेक्टरवर. टी५ ची सगळी मदार रिफ्लेक्टरवर असते, कारण ट्यूब खाली फेकते तितकाच उजेड वरही फेकते. ती वरची बाजू मिठानं मेली तर नवी ट्यूब लावूनही उपयोग नाही. आरओ पाण्यात बुडवलेलं मऊ कापड, हट्टी डागाला थोडं पांढरं व्हिनेगर, मग परत आरओ पाणी. घासणी नको, रिफ्लेक्टरला ओरखडे पडतात. आणि हे सगळं प्लग काढून, ट्यूबा गार झाल्यावर. खाऱ्या हातांनी चालू सेटला हात लावू नका हे सांगायला लागू नये, पण सांगते.

सेटचा पंखा फिरतोय का तेही बघा. टी५ ट्यूब साधारण ३५ अंश सेल्सिअस भोवतालच्या तापमानाला सर्वाधिक उजेड देते. बंद खोक्यात तापली की उजेड लगेच खाली येतो, आणि फॉस्फरही लवकर जातो. पंखा बंद पडला म्हणून ट्यूबा बदलणारे लोक मी पाहिलेत.

आणि पाणी. पाणी गाळायचा कार्बन शेवटचा कधी बदलला? विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांनी पाण्याला पिवळट झाक येते, ती निळा उजेडच आधी खाते. पांढरा कागद टँकच्या एका बाजूला लावून लांबीच्या दुसऱ्या बाजूनं बघितलं की लगेच कळतं. फक्त खूप दिवसांनी कार्बन टाकणार असाल तर थोडा टाका. पाणी एकदम नितळ झालं तरी कोरलला तो नव्या ट्यूबेइतकाच धक्का असतो.

संख्याप्रेमी

मिठागरताईंशी शंभर टक्के सहमत. पुसणं आधी, मोजणं मग.

पार म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधल्या प्रकाशकणांची मोजणी, दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती मायक्रोमोल. भर दुपारच्या कडक उन्हात हा आकडा २,००० च्या आसपास जातो. टँकमध्ये मऊ कोरलना ५० ते १५०, अ‍ॅक्रोपोरासारख्यांना २०० ते ४०० हे लोक मानतात ते ढोबळ पट्टे. मीटर उसना मिळाला तर तो कुठला हे विचारा. अपोजीचं जुनं एमक्यू-२०० निळा उजेड कमी दाखवतं, एमक्यू-५१० पाण्याखाली वापरण्यासाठीच आहे आणि निळं नीट पकडतं. आज एकानं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्यानं मोजलं तर ती तुलना नाही.

मीटर नसेल तर साधा लक्स मीटरही चालतो, एका अटीवर. लक्सचा पार करायला जाऊ नका. उन्हासाठी ५४ नं भागायचा हिशेब आहे, तो निळ्या ट्यूबांना लागू नाही. लक्सची तुलना फक्त लक्सशी, त्याच सेटखाली, त्याच जागी. आणि लक्स मीटर माणसाच्या डोळ्यासारखा, हिरव्याला झुकलेला बनवलेला असतो. म्हणजे निळा फॉस्फर गेलाय पण पाऱ्याची हिरवी रेषा शाबूत आहे, अशा वेळी लक्समधली घट खऱ्यापेक्षा कमीच दिसणार. मीटरवर पाचवा हिस्सा गेलेला दिसला तर कोरलच्या दृष्टीनं त्याहून जास्त गेलेला असायची शक्यता धरा.

आता तुमची अडचण ही की ट्यूबा नव्या असतानाचा आकडा तुमच्याकडे नाही. त्यावर तोडगा आहे: एकच नवी ट्यूब आणा, तुमच्याकडे आहे त्याच कंपनीची, त्याच रंगाची. सेटमधल्या एकाच जागी आधी जुनी लावून मोजा, मग नवी लावून मोजा. बाकीच्या ट्यूबा बंद ठेवता आल्या तर उत्तम, नाहीतर फरक काढा. मोजण्याआधी अर्धा तास पेटू द्या, गार ट्यूब पूर्ण उजेड देत नाही. पाण्याखाली मोजत असाल तर पंप बंद, नाहीतर लाटांमुळे आकडा नाचत राहतो. एक खोट राहतेच, अगदी नवी ट्यूब पहिले शंभरेक तास जरा जास्त भडक असते, मग स्थिरावते. तेवढे तास चालवून परत एकदा मोजलंत तर तो तुमचा कायमचा मूळ आकडा. वहीत लिहा.

किती घट झाली की बदलायचं? माझी रेषा: मूळ आकड्याच्या पाऊण हिश्शाखाली गेली की नवी. तुमच्याकडे हावरट एसपीएस (बारीक तोंडांची टणक कोरल) असतील तर थोडं आधी.

खारट

हे पटलं. कॅलेंडरला विचारण्यापेक्षा बरं.

पण मग एक सांगा, ‘जुन्या ट्यूबनं शेवाळ वाढतं’ हे सगळीकडे छापलेलं असतं. ते खरं की तेही विक्रीचं?

प्रवाळकाका

मला ते अर्धवट वाटतं. उजेड कमी झाला म्हणून शेवाळ जास्त, हे सरळ बघितलं तर उलटंच आहे. रंग पिवळ्या-लालकडे सरकला की सायनोबॅक्टेरियाला (निळ्या-हिरव्या शेवाळाला) फावतं असं सांगतात. पण सायनोकडे उजेड पकडायला फायकोएरिथ्रिन, फायकोसायनिन अशी रंगद्रव्यं असतातच, म्हणजे नव्या ट्यूबखालीही त्याचं छान चालतं. खरं कारण मला दुसरं वाटतं. कोरलची वाढ मंदावली की त्याचं नायट्रेट-फॉस्फेट उचलणंही मंदावतं, आणि तो वाटा शेवाळाला मिळतो. पण पाण्यात आधीच खत जास्त असेल तर सहा नव्या ट्यूबा लावून शेवाळ जाणार नाही, अधिक जोमानं येईल. शेवाळासाठी ट्यूब बदलणाऱ्याला मी आधी फॉस्फेटचा आकडा विचारतो.

रेवा_रीफ

काका, हे वाक्य फ्रेम करून लावायला हवं.

लखलखाट

आम्ही मेटल हॅलाइड बल्बवाले आता बोटांवर मोजण्याइतके उरलोय, तरी आमचंही ऐका.

हॅलाइडमध्ये फॉस्फर नाही, तरी म्हातारपण आहेच. क्वार्ट्झच्या छोट्या नळीत पारा आणि धातूंचे क्षार तापून उजेड देतात. इलेक्ट्रोडचं टंगस्टन उडून नळीच्या भिंतीवर काळं बसतं, क्षारांपैकी काही क्वार्ट्झमध्ये शिरतात, सोडियम तर भिंतीतून निसटतो. मिश्रण बदललं की रंग बदलतो. २०,००० केल्विनचे गडद निळे बल्ब मुळातच कमी पार देतात, त्यामुळे त्यांच्यात थोडी घटही कोरलला जाणवते. ते सहा-नऊ महिन्यांत, १०,००० केल्विनचे वर्षभरात, असा आमच्यात रिवाज. पण बॅलास्टवर (दिव्याला वीज नियंत्रित करून देणारा भाग) फार अवलंबून. पेन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक संजय जोशी यांनी बल्ब आणि बॅलास्टच्या कितीतरी जोड्या मोजून प्रसिद्ध केल्यात, त्यात एकच बल्ब वेगवेगळ्या बॅलास्टवर वेगळा वागताना दिसतो. म्हणून दुसऱ्याचा महिन्यांचा आकडा हॅलाइडला तर अजिबात लावू नका.

आणि खारट, ‘पेटतोय तोवर चालू द्या’ हे हॅलाइडच्या बाबतीत धोक्याचं आहे. अगदी शेवटपर्यंत ताणलेल्या बल्बची नळी फुटू शकते. आत ती तापलेली असते आणि दाबाखालीही. दोन टोकांच्या बल्बला संरक्षक काच नसेल तर अतिनील किरण थेट टँकमध्ये जातात, तेही कोरलला भाजतात. नव्या बल्बला उघडं बोट लावू नका, बोटांचं तेल क्वार्ट्झवर जळतं.

एलईडीकर

एवढी उठाठेव? एलईडी लावा, विषय संपवा. ५०,००० तास. दहा तासांनी तेरा वर्षांहून जास्त.

संख्याप्रेमी

पुन्हा खोक्यावरचा आकडा! ते ५०,००० तास बहुधा ‘एल७०’ चे असतात, म्हणजे तेवढ्या वेळानंतर सुरुवातीच्या ७० टक्के उजेड उरेल असा अंदाज. टी५ वाले ज्या घटीला ट्यूब बदलतात, साधारण तीच घट. एवढंच की ती वर्षात न येता दशकभर पसरते, आणि त्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाही.

अंदाज म्हणतोय कारण तेवढे तास चिप कोणी चालवून बघत नाही. एलएम-८० नावाच्या चाचणीत चिप ठरावीक तापमानाला निदान ६,००० तास चालवतात, पुढचं टीएम-२१ पद्धतीनं गणितानं काढतात, तेही चाचणीच्या सहापटीपलीकडे जायची परवानगी नाही. चाचणी चिपची असते, तुमच्या सेटची नाही. सेटचा पंखा, ड्रायव्हर, भिंगं, त्या भिंगांवरचं मीठ, यातलं काहीही आधी जाऊ शकतं. हीटसिंकमध्ये धूळ अडकून चिप तापली की सगळं गणित कोलमडतं. ४०० ते ४२० नॅनोमीटरच्या जांभळ्या चिपा निळ्यांच्या आधी थकतात, म्हणजे इथेही रंग सरकतोच.

एलईडी वाईट नाहीत. मी स्वतः वापरतो आणि ६० टक्क्यांवर चालवतो, म्हणजे घट झाली की वाढवायला जागा राहते. पण मोजतो.

एलईडीकर

भिंगांचं मीठ... आत्ताच बघून आलो. बरं, पुसतो.

मिठागर

😀

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगते.

आधी झाकण आणि रिफ्लेक्टर पुसले. लक्स मीटर मिळाला, तो पुसण्याआधी आणि पुसल्यावर दोन्ही वेळा लावला. नुसत्या पुसण्यानं आकडा डोळ्यांत भरेल इतका वाढला. मग संख्याप्रेमींनी सांगितली तशी एक नवी निळी ट्यूब आणून एकाच जागी तुलना केली. जुनी निळी नव्याच्या पाऊण हिश्शाच्याही खाली आली. म्हणजे निळ्या गेल्यातच. पांढऱ्यातली एक अशीच तपासली, ती बरीच तगून आहे. काकांनी फॉस्फरचं सांगितलं होतं ते असं समोर आलं.

पंखा फिरतोय. कार्बन जुना झाला होता, अर्ध्या मापानं टाकला.

आता प्रश्न दुसरा. चारही निळ्या एकदम?

लखलखाट

मी एकदमवाला. चारही बदला, सेट एक वीत वर उचला, दर आठवड्याला थोडा थोडा खाली आणा. हिशेब स्वच्छ राहतो, सगळ्या ट्यूबा एकाच वयाच्या. एकेक बदलत बसलात तर मूळ आकडा म्हणून काय धरणार?

प्रवाळकाका

लटकवलेल्या सेटला ठीक. निळाईचा सेट टँकच्या कडांवर पायांनी उभा असेल तर वर उचलणार कुठे?

निळाई, काही महिने कमी उजेडात राहून तुझ्या कोरलनी हरितद्रव्य वाढवून ठेवलंय. म्हणजे उजेड पकडायचं जाळं मोठं केलंय. त्यावर अचानक पूर्ण उजेड पडला तर पकडलेली ऊर्जा वापरता येत नाही, पेशींत विषारी ऑक्सिजन संयुगं तयार होतात, आणि कोरल झूझँथेलींना बाहेर काढतो. ते पांढरं पडणं. उपाशी माणसाला पहिल्याच दिवशी पंगतीला बसवत नाहीत, तसं आहे हे. नवा उजेड अंगवळणी पडायला त्यांना दोन-तीन आठवडे लागतात.

माझा सल्ला, आठवड्याला एक. पहिली मागच्या बाजूची, मग पुढची, मधल्या दोन शेवटी, कारण अ‍ॅक्रोपोरा त्यांच्याच खाली बसलेली असणार. पुसल्यामुळे आणि कार्बनमुळे उजेड आधीच एक पायरी चढलाय, तेव्हा पहिली ट्यूब लावायच्या आधी आठवडाभर थांबलीस तरी बिघडत नाही.

मिठागर

सेट हलत नसेल आणि घाई असेल तर डासांच्या जाळीचा तुकडा झाकणावर पसरवायचा. दोन-तीन थर, आठवड्याला एक काढायचा. पंख्याची हवा अडू देऊ नका. दिव्याचे तास दहाचे सात करून परत वाढवत नेणं हाही मार्ग आहे, पण मला तो दुय्यम वाटतो, कारण धक्का तासांपेक्षा तीव्रतेचा असतो.

संख्याप्रेमी

मूळ आकड्याबद्दल लखलखाट यांचा मुद्दा बरोबर आहे, पण उलटाही फायदा बघा. सहा ट्यूबा आळीपाळीनं, दर दोन महिन्यांनी एक, अशा कायम बदलत राहिलात तर प्रत्येक ट्यूब वर्षभर चालते आणि टँकवरचा एकूण उजेड जवळपास सपाट राहतो. कोरलना ना घट कळते ना धक्का. मग मूळ आकडा एका ट्यूबचा नाही, सगळ्या सेटचा धरायचा. फक्त प्रत्येक ट्यूबच्या टोकावर मार्करनं तारीख लिहायला विसरू नका. सहा सारख्या दिसणाऱ्या ट्यूबांत कुठली कधीची हे दोन महिन्यांनी कोणालाही आठवत नाही.

अल्कलिनिटी या काळात एक दिवसाआड तपासा. उजेड वाढला की कोरल पुन्हा खायला लागतील आणि तुम्ही डोस कमी करून ठेवलाय. तो हळूहळू परत वर न्यावा लागेल. नाहीतर नवी ट्यूब आणि घसरलेली अल्कलिनिटी असे दोन ताण एकदम येतात, आणि फांद्यांची टोकं जळली की लोक ट्यूबला दोष देतात.

निळाई

सेट पायांवर उभा आहे, काकांनी बरोबर ओळखलं. आठवड्याला एक हेच करते, मधल्या शेवटी. पांढऱ्या सध्या राहू देते. पुढच्या वर्षीपासून आळीपाळी.

जुन्या ट्यूबांचं काय करायचं?

मिठागर

कचऱ्यात टाकू नका. आत थोडा का होईना पारा आहे. ई-कचरा किंवा घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या, तोवर नव्या ट्यूबांच्या खोक्यातच उभ्या ठेवा. फुटलीच तर खिडक्या उघडून पंधराएक मिनिटं खोलीबाहेर जा, मग जाड कागदानं गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीनं उचला. व्हॅक्यूम क्लीनर किंवा झाडू नको, पारा हवेत पसरतो. आणि ट्यूब टँकच्या वर धरून काढू-घालू नका. झाकण बसवून ठेवा किंवा सेट बाजूला घ्या.

खारट

एक अवांतर. हे सगळं किती वर्षं करता येणार? युरोपीय संघानं सर्वसाधारण टी५ ट्यूबांची नवी विक्री २०२३ च्या ऑगस्टपासून थांबवली. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता कराराच्या त्याच वर्षीच्या बैठकीतही सरळ फ्लोरोसंट ट्यूबांचं उत्पादन २०२७ पर्यंत संपवायचं ठरलं. मत्स्यालयाच्या खास ट्यूबा त्या व्याख्येत कुठे बसतात हा वेगळा वाद, पण कारखाने घरगुती ट्यूबांवर चालतात. ते बंद झाले की आपल्यासाठी कोण वेगळी भट्टी लावणार?

प्रवाळकाका

खारट, तुझ्याकडून ट्यूबांबद्दल हळहळ? नोंद घेतली.

ज्यांना टी५ च ठेवायचेत त्यांनी आपल्या रंगाच्या एक-दोन फेऱ्यांच्या ट्यूबा घेऊन ठेवायला हरकत नाही. झीज होते ती पेटल्यावर, खोक्यात कोरड्या जागी ठेवलेली ट्यूब फारशी बिघडत नाही. बॅलास्टही एक जास्तीचा ठेवा, तो जायचा असला की सुटीच्या दिवशीच जातो.

रेवा_रीफ

माझ्या टँकमध्ये फक्त मशरूम कोरल आणि झोअँथिड आहेत, दोनच ट्यूबा. मलाही हे मोजमाप, आळीपाळी वगैरे करावं लागेल का?

प्रवाळकाका

नाही गं. मशरूमना ५० पार पुरतो, कधी त्याहूनही कमी. पुसत राहा, वर्ष-दीड वर्षानं दोन्ही बदल, पण मध्ये तीन-चार आठवडे ठेवून. झोअँथिड देठ लांब करून उजेडाकडे ताणायला लागले तर त्याआधी बदल. आणि ट्यूब काढशील तेव्हा टोकांच्या रबरी टोप्या बघून घे, आत मीठ शिरलं असेल तर ट्यूबच्या आधी त्या बदलायच्या.